आभासी ड्राइव्ह आणि दूरस्थ संगणकाकडे फायलींची पाठवणी

प्राथमिक शाळेचे दप्तर हा गावातील बहुतेक मुलांचा पहिला भक्कम पुरावा होय. मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचा दिवस या गोष्टी तेथे एकदा नोंदल्या गेल्या म्हणजे पुढे आयुष्यभर त्यांचा आधार घ्यावा लागतो. पूर्वी हे दप्तर केवळ कागदावर असे. चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून एखादे पत्रक तालुक्याच्या ठिकाणी जावयाचे झाल्यास ते कोणीतरी हाती घेऊन जाई अथवा टपालात टाकी, आणि ते पोचल्याची पावती शाळेत जपून ठेवली जाई. आता याच नोंदींचा मोठा भाग संगणकात असतो आणि तारेवरून किंवा वायुलहरींवरून प्रवास करतो. प्रवासाची ही रीत वेगवान खरी. तथापि तीत हाताला लागणारा कागद नाही. सबब फाईल कोठे आहे, ती पोचली की नाही आणि तिची मूळ प्रत कोणाकडे राहिली, हे शिक्षकास निश्चितपणे सांगता आले पाहिजे. या कामी हल्ली जे एक साधन वारंवार वापरले जाते, त्या आभासी ड्राइव्हचे स्वरूप व उपयोग येथे क्रमाने सांगितले आहेत.

आभासी ड्राइव्ह म्हणजे काय

संगणकात माहिती साठविण्याची जी जागा असते तिला ड्राइव्ह म्हणतात आणि ओळखण्याच्या सोयीसाठी तिला एक अक्षर दिलेले असते. विंडोज प्रणालीच्या संगणकात ‘सी’ हे अक्षर मुख्य साठ्याचे असते. जुन्या काळी ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपी तबकडीसाठी राखलेली असत. फ्लॉपी गेली, पण मुख्य साठा ‘सी’पासून मोजण्याची चाल राहिली. पेनड्राइव्ह लावला म्हणजे पुढचे एखादे मोकळे अक्षर त्यास मिळते.

अक्षर दिसते म्हणजे त्यामागे त्या संगणकाच्या पोटात खरोखरच एखादी वस्तू असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णपणे बरोबर नव्हे. अक्षर ही केवळ दारावरची पाटी होय. त्या दारामागे खरी तबकडी असू शकेल, दुसऱ्या गावच्या संगणकातील कप्पा असू शकेल, किंवा एकाच मोठ्या फाईलला दिलेले तबकडीचे सोंगही असू शकेल. ज्या दारामागे त्या संगणकाची स्वतःची खरी तबकडी नाही, तरी वापरणाऱ्यास ती आहे असे भासते, तो आभासी ड्राइव्ह होय.

यावरून या विषयाचे मुख्य सूत्र निघते. ते असे की, फाईल दिसणे निराळे आणि फाईल त्या ठिकाणी असणे निराळे. आभासी ड्राइव्ह वापरताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात.

ही कल्पना कोठून आली

ही कल्पना अलीकडची नव्हे. अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएम कंपनीच्या वैज्ञानिक केंद्रात १९६७ च्या सुमारास एक प्रणाली वापरात आली. तिच्यामुळे एकाच प्रचंड संगणकावर काम करणाऱ्या अनेक व्यक्तींपैकी प्रत्येकास आपणास स्वतंत्र संगणक मिळाला आहे असे वाटे. मोठ्या तबकडीचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकास एक छोटी तबकडी दिली जाई. त्या काळी माहिती भोके पाडलेल्या पत्त्यांवर साठवीत. एकाने दुसऱ्यास फाईल पाठवावयाची झाल्यास तो आपल्या आभासी यंत्रावर पत्ते पाडी आणि ते दुसऱ्याच्या आभासी वाचकयंत्रात जाऊन पडत. प्रत्यक्षात एकही पत्ता पाडला जात नसे. केवळ नोंद इकडून तिकडे जाई.

पुढे १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने दूरच्या संगणकातील कप्पा आपल्याच संगणकातील असल्याप्रमाणे वापरता यावा अशी पद्धत विकसित केली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपी या आवृत्तीत, दूरस्थ संगणकाचा पडदा आपल्यासमोर उघडला असता आपल्या जवळचा ड्राइव्ह तिकडे दाखविण्याची सोय झाली. आज तालुक्याच्या कचेरीत किंवा शाळेत जी सोय वापरली जाते, ती बहुधा याच घराण्यातील असते.

चार प्रकार

व्यवहारात आभासी ड्राइव्हचे चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार : आपला ड्राइव्ह दूरस्थ संगणकात दिसणे. ‘रिमोट डेस्कटॉप’ या सोयीने दूरचा संगणक चालविताना हा उपयोगी पडतो. फाईल शाळेच्या संगणकातच असते. दूरस्थ संगणकात तिची केवळ पाटी दिसते.

दुसरा प्रकार : दूरस्थ संगणकातील कप्पा आपल्या संगणकात ड्राइव्ह म्हणून दिसणे. एकाच कचेरीतील संगणक तारेने जोडलेले असले म्हणजे ही रीत सोयीची ठरते. अशा कप्प्यास पुष्कळदा ‘झेड’सारखे शेवटचे अक्षर देतात.

तिसरा प्रकार : गूगल ड्राइव्हसारख्या इंटरनेटवरील साठ्यास आपल्या संगणकात अक्षर मिळणे. येथे फाईलचे नाव दिसत असले तरी तिचा मजकूर पुष्कळदा संगणकात उतरलेला नसतो. जोडणी नसता ती उघडू गेल्यास उघडत नाही, ते याच कारणाने.

चौथा प्रकार : एका फाईललाच तबकडीचे रूप देणे. विंडोजमध्ये तिला व्हीएचडी म्हणतात. ठरावीक आकाराची ही फाईल उघडताच संगणकात नवा ड्राइव्ह दिसू लागतो. बंद करताच तो नाहीसा होतो आणि आतील सर्व मजकुरासह पुन्हा एक फाईल उरते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय त्या प्रणालीतच अंतर्भूत आहे.

प्रत्यक्ष पाठवणीची रीत

उदाहरणादाखल असे समजू की, केंद्रशाळेतील संगणकातून तालुक्याच्या गट साधन केंद्रातील संगणकाकडे वार्षिक निकालपत्रकांच्या फायली पाठवावयाच्या आहेत आणि तो संगणक दुरून वापरण्याची रीतसर परवानगी शाळेस मिळालेली आहे. दोन गोष्टी आधी पाहाव्यात. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीच्या संगणकावरून दुसऱ्या संगणकात जाता येते. पण रिमोट डेस्कटॉपने त्या संगणकात बाहेरून येता येत नाही. म्हणून दूरस्थ संगणक ‘प्रो’ किंवा तत्सम आवृत्तीचा असावा लागतो. दुसरे असे की, असा संगणक इंटरनेटवर उघडा ठेवणे धोक्याचे असते. कचेरीने व्हीपीएन नावाची बंदिस्त वाट करून दिली असेल तर तिच्यातूनच जावे.

पुढील क्रम पाळावा.

१. पाठवावयाच्या फायलींसाठी एक व्हीएचडी तयार करावी. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून तेथील ‘क्रिएट व्हीएचडी’ या आज्ञेने १ जीबी आकाराची फाईल केली तरी पुष्कळ होते. ती आरंभित करून तिला अक्षर द्यावे. या कामी संगणकाच्या व्यवस्थापकाचे अधिकार लागतात.

२. या नव्या ड्राइव्हमध्ये केवळ पाठवावयाच्या फायलींच्या प्रती ठेवाव्यात. मूळ फायली हलवू नयेत.

३. ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ उघडून ‘शो ऑप्शन्स’ व तेथून ‘लोकल रिसोर्सेस’ येथे जावे. ‘मोअर’ दाबले असता ड्राइव्हची यादी दिसते. तीत फक्त या नव्या ड्राइव्हसमोर खूण करावी. ‘सी’समोर करू नये.

४. जोडणी झाल्यावर दूरस्थ संगणकातील ‘धिस पीसी’मध्ये शाळेच्या संगणकाच्या नावासह तो ड्राइव्ह दिसेल.

५. त्यातील फायलींची प्रत दूरस्थ संगणकाच्या स्वतःच्या ड्राइव्हमधील नेमून दिलेल्या कप्प्यात करावी. खरी पाठवणी या पायरीस होते. पाटीवर दिसणारी फाईल तेथेच उघडून तेथेच मिटली, तर ती शाळेतच राहते. जोडणी तुटताच तालुक्याच्या संगणकातून ती दिसेनाशी होते, आणि ‘काल तर होती’ असे म्हणण्याची पाळी येते.

६. रुजुवात झाल्यावर दूरस्थ संगणकातून ‘साइन आउट’ करून बाहेर पडावे. केवळ खिडकी मिटल्याने तिकडील काम चालूच राहते.

‘कट’ की ‘कॉपी’, असा प्रश्न पुष्कळ शिक्षक विचारतात. उत्तर असे की, दूरच्या पाठवणीत नेहमी ‘कॉपी’च करावी. प्रत पोचून तिची रुजुवात होईपर्यंत मूळ फाईल जागची हलता कामा नये.

वेळ किती लागतो

पाठवणीस लागणारा वेळ आधी काढता येतो आणि तो काढून ठेवणे हिताचे असते. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये दिसतो. आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. ९० मेगाबाइटची फाईल म्हणजे ७२० मेगाबिट. बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदास २ मेगाबिट असेल तर तिला ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे लागतील. प्रत्यक्षात थोडी अधिकच. जाहिरातीत सांगितलेला वेग बहुधा माहिती उतरवून घेण्याचा असतो. पाठविण्याचा वेग पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी असतो, हेही ध्यानात घ्यावे.

५०० लहान फायली आणि तेवढ्याच आकाराची एक मोठी फाईल यांत मोठी फाईल लवकर पोचते. कारण प्रत्येक फाईलच्या वेळी दोन्ही संगणकांत नाव, आकार, परवानगी यांविषयी देवघेव होते आणि तिच्यात काळ जातो. पाचशे पाकिटे एकेक करून टपालात नोंदविणे आणि त्यांचे एकच पुडके नोंदविणे यांत जे अंतर, तेच येथे. म्हणून लहान फायली ‘झिप’ करून त्यांची एक फाईल करावी.

वीज किंवा जोडणी मध्येच गेल्यास अर्धवट फाईल दूरस्थ संगणकात राहण्याचा संभव असतो. नाव तेच, खूण तीच, पण आतील मजकूर अपुरा. अशी फाईल काढून टाकून पाठवणी पुन्हा करावी.

रुजुवात

नक्कल मुळाशी ताडून पाहण्यास मराठीत रुजुवात असा जुना शब्द आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. १९२६ च्या अखेरीस धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्याच गावी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदांच्या अभ्यासात नक्कल मुळाशी जुळते की नाही हे पाहिल्याखेरीज तिच्यावर भिस्त ठेवीत नाहीत. संगणकातील नकलेसही तोच नियम लागू आहे.

रुजुवातीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, दोन्हीकडील फायलींची संख्या मोजणे. दुसरी, प्रत्येकीचा आकार बाइटपर्यंत जुळतो की नाही हे पाहणे. तिसरी, दूरस्थ संगणकातील प्रत तेथेच उघडून पहिले व शेवटचे पान वाचणे. महत्त्वाच्या फाईलसाठी याहून काटेकोर उपाय आहे. ‘शा-२५६’ नावाच्या पद्धतीने संगणक फाईलच्या सर्व मजकुरावरून ६४ चिन्हांची एक मुद्रा काढून देतो. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी मुद्रा पार बदलते. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने ती दोन्ही संगणकांवर काढून जुळवून पाहता येते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. युनिकोडपूर्व काळातील फाँट वापरून लिहिलेली फाईल ज्या संगणकात तो फाँट नाही तेथे उघडल्यास अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. फाईल बिघडलेली नसते. तिची लिपी दाखविण्याचे साधन तेथे नसते. विद्यार्थ्यांची नावे यास्तव युनिकोडमध्येच लिहावीत. जुन्या फाईलचे रूपांतर केल्यावर प्रत्येक नाव मूळ रजिस्टराशी ताडून पाहावे. कारण जोडाक्षरे व रफार यांत चुका राहून जातात आणि नावातील एका अक्षराच्या फरकाने पुढे मुलास व त्याच्या पालकांस दाखला दुरुस्त करण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

उघडे दार दोन्हीकडून उघडे असते

शाळेचा ड्राइव्ह दूरस्थ संगणकात दिसू लागला म्हणजे त्या संगणकावरील माणसास, आणि त्यात शिरलेल्या विषाणूसही, शाळेच्या फायलींपर्यंत वाट मिळते. ‘सी’ ड्राइव्ह न दाखविता लहान व्हीएचडी दाखवावी असे वर सांगितले, ते एवढ्याचसाठी. संपूर्ण घर उघडे टाकण्याऐवजी पाठवावयाची पेटी तेवढी ओसरीवर ठेवावी, असा हा प्रकार आहे.

जोडलेल्या संगणकांतून उपद्रव किती झपाट्याने पसरतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने जगभरच्या कंपन्यांचे संगणक निकामी केले. ती एका संगणकातून दुसऱ्यात जाळ्यावरून आपोआप जाई. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक तिच्या तडाख्यात सापडले आणि त्याचा परिणाम म्हणून न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत होते, तर शाळेच्या एकुलत्या एका संगणकाने सावध राहिले पाहिजे, हे उघड आहे. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत कोणत्याही जाळ्यास न जोडलेल्या साधनात स्वतंत्र ठेवावी.

दूरध्वनीवरून कोणी अनोळखी व्यक्ती कचेरीचे नाव सांगून दूरस्थ जोडणीचे ॲप घ्यावयास किंवा त्यातील सांकेतिक क्रमांक कळवावयास सांगत असेल, तर तो कळवू नये. फोन ठेवून संबंधित कचेरीच्या माहितीच्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी.

फायलीतील माहिती मुलांची आहे, याचेही भान असावे. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली असून बालकांच्या माहितीविषयी विशेष तरतुदी आहेत. खान्देशाला या गोष्टीचे स्मरण निराळे करून देण्याची गरज नसावी. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधारच्या नोंदणीत गोळा झालेली माहिती नोंदणीच्या संगणकातच सांकेतिक रूपात कुलूपबंद करून मग दूरच्या केंद्राकडे धाडतात; वाटेत ती कोणाच्या हाती पडली तरी वाचता येऊ नये हा हेतू. शाळेनेही हेच तत्त्व पाळावे. फाईलला परवलीचा शब्द घालावा आणि तो शब्द त्याच फायलीबरोबर न पाठविता दूरध्वनीवरून कळवावा.

वर्गात घ्यावयाचा उपक्रम

चौथीच्या वर्गास हे सूत्र संगणकावाचूनही शिकविता येते. एका मुलास वर्गात व दुसऱ्यास व्हरांड्यात उभे करावे. वर्गातील मुलाने पाटीवर तीन संख्या लिहून पाटी खिडकीशी धरावी. बाहेरच्या मुलास त्या वाचता येतील. मग खिडकी लावून घ्यावी आणि बाहेरच्या मुलास विचारावे, ‘तुझ्याजवळ काय आहे?’ काहीच नाही, असे उत्तर मिळेल. दुसऱ्या खेपेस त्याने त्या संख्या स्वतःच्या पाटीवर उतरवून घ्याव्यात आणि मग खिडकी लावावी. आता त्याच्याजवळ प्रत आहे. पाहणे आणि प्रत असणे यांतील भेद मुलांच्या चटकन लक्षात येतो.

पुढे रुजुवात शिकवावी. पाटीवर ४७, ३६ व ५८ या संख्या असल्यास त्यांची बेरीज १४१ होते. बाहेरच्या मुलाने ३६ ऐवजी ६३ लिहिले असेल तर त्याची बेरीज १६८ येईल आणि संख्या पुन्हा न वाचताही चूक उघडकीस येईल. हुशार मुलांपुढे आणखी एक प्रश्न ठेवावा : बाहेर ४६, ३७ व ५८ असे लिहिले गेले तर? बेरीज १४१ च राहते आणि चूक लपते. साधी बेरीज पुरी पडत नाही आणि ६४ चिन्हांच्या मुद्रेसारखा कडक उपाय का योजावा लागतो, हे येथे त्यांस उमगेल.

समारोप

साधने बदलत राहतील. फ्लॉपी गेली, तशी आजची अक्षरे व आज्ञाही कधीतरी जुन्या होतील. परंतु कोणतेही साधन हाती आले तरी तीन प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावेत : मूळ प्रत कोठे आहे? दुसरीकडे पोचलेली प्रत मुळाशी जुळते काय? आणि काम संपल्यावर दार लावले काय? तिन्हींची उत्तरे मिळाली म्हणजे पाठवणी पूर्ण झाली असे मानावे. तारीख, फाईलचे नाव, आकार व रुजुवात करणाऱ्याची सही अशी एक ओळ शाळेच्या जावक नोंदवहीत त्याच दिवशी लिहून ठेवावी. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर परगावी गेलेले मूल काही महिन्यांनी परतून दाखला मागावयास येते, तेव्हा त्याच्या नोंदीची एक तरी खरी प्रत जागेवर सापडली पाहिजे. या सर्व खटाटोपाचे प्रयोजन तेवढेच आहे.